उपरे कोण?

अहमदाबादेहून परत आल्यापासून 'या वयात तुम्हांस हे काय सुचले?' हा प्रश्न आम्हांस इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदाच आणि छापील स्वरूपात देऊन टाकावे हे बरे. विचारणारे बहुतेक आपल्याच मंडळाचे सभासद आहेत. कोणी हसत विचारले, कोणी काळजीने विचारले, आणि एका स्नेह्यांनी तर आधी आमच्या कानांची प्रकृती कशी आहे याची चौकशी केली व मग विचारले. आमचा अपराध एवढाच, की २६ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी, मोटेरा येथील नरेंद्र मोदी स्टेडियमवर 'कोल्डप्ले' या इंग्रजी रॉक वाद्यवृंदाचा जो कार्यक्रम झाला, त्यास आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि एकोणीस वर्षांची नात यांच्यासह हजर होतो.

या हजेरीबद्दल आम्हांस यत्किंचितही संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा, आणि ती सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

त्या वर्षीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमाची आखणी चालू असताना आमच्या नातीने व तिच्या दोन मैत्रिणींनी कार्यकारिणीकडे अर्धा तास मागितला होता. एक गिटार, ज्यावर बसून वाजवितात अशी एक लाकडी पेटी, आणि तिघींनी मिळून रचलेली चार मराठी गाणी, एवढाच त्यांचा संसार होता. कार्यकारिणीने विनंती अमान्य केली. मंडळाच्या व्यासपीठावर पाश्चात्त्य गोंगाटास स्थान देणे मंडळाच्या परंपरेस शोभणारे नाही, असे कारण नोंदविण्यात आले. गाणी कशी आहेत, हे कोणी ऐकून पाहिले नाही. त्या बैठकीस आम्ही उपस्थित होतो. ठराव मताला टाकला गेला तेव्हा आम्ही तटस्थ राहिलो. नातीचा प्रश्न आहे, तेव्हा आपण बोलणे बरे दिसणार नाही, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. खरे सांगायचे तर ठरावातील शब्द आम्हांस मनातून पटलेलेच होते. मोटेऱ्यास जाऊन आलेला माणूस तसे मत देतो, हे अधिक लाजिरवाणे आहे. तेथे जे कळले ते घरी पोहोचेपर्यंत टिकले, आणि बैठकीत मात्र आम्ही ते गिळले.

आता मोटेऱ्यास काय पाहिले ते सांगतो.

तिकिटे चिरंजिवांनी काढली होती व त्यांतील दोन ऐन वेळी मोकळी झाली, म्हणून आमची वर्णी लागली. सुरतेहून सकाळच्या गाडीने निघालो. डब्यात अर्ध्याहून अधिक मंडळी त्याच कार्यक्रमास निघालेली. आमच्या समोरच्या बाकावरील मुलांनी आमच्याकडे दोनतीनदा पाहिले. म्हातारा-म्हातारी दवाखान्यास निघाले असतील किंवा डाकोरास, असा त्यांचा तर्क असावा. मेट्रोतून मोटेऱ्यास उतरल्यावर तर आमच्या सौभाग्यवतींच्या नऊवारीकडे पाहून एका मुलीने अत्यंत आदराने विचारले, 'बा, तमे रस्तो भूल्या छो?' (आजी, तुम्ही वाट चुकलात का?) तिच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. वाट चुकल्याखेरीज अशी माणसे येथे यावीत कशी, हा तिचा प्रामाणिक प्रश्न होता.

त्या मैदानात एक लाख बत्तीस हजार माणसांच्या बैठकीची सोय आहे आणि त्या संध्याकाळी ते भरलेले होते. प्रवेशद्वाराशी प्रत्येकाच्या मनगटात एकेक पट्टा बांधण्यात आला. अंधार पडल्यावर हे पट्टे आपोआप उजळत, आणि गाण्याच्या तालावर साऱ्या मैदानाचा रंग एकदम पालटत असे. आवाज मोठा होता. छातीच्या पिंजऱ्यात तो जाणवत होता. शब्दांपैकी आम्हांस दहांतला एक कळला असेल. आजूबाजूचे सर्वजण उभे राहिले म्हणून आम्ही उभे राहिलो, ते बसेनात म्हणून गुडघे दुखेपर्यंत उभेच राहिलो. टाळी कोठे वाजवावी हे कळत नव्हते. एक गाणे संपले असे वाटून आम्ही जोरात टाळ्या पिटल्या, आणि ते गाणे मुळीच संपलेले नव्हते. शेजारचा मुलगा हसला. त्या एका क्षणी आम्हांस जे वाटले ते आम्ही आयुष्यात क्वचितच अनुभवले होते. लाखभर माणसांना जे ठाऊक आहे ते आपल्याला ठाऊक नाही, आणि आपले अज्ञान सर्वांना दिसते आहे, असे ते वाटणे होते.

पुढे जे झाले ते महत्त्वाचे. आमची नात आम्हां दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. प्रत्येक गाणे सुरू होताना कानाशी तोंड नेऊन ती दोन वाक्यांत सांगू लागली, हे कशाबद्दल आहे, या ओळीनंतर सगळे मिळून गातील, आता बसलात तरी चालेल. शेजारच्या त्याच मुलाने खिशातून कानांत घालावयाचे मऊ बोळे काढून आमच्या सौभाग्यवतींना दिले. तासाभराने आम्हांस गाणी कळू लागली असे आम्ही म्हणणार नाही. मात्र लोक येथे का आले आहेत हे कळू लागले. प्रजासत्ताक दिन होता. मुख्य गायकाने 'वंदे मातरम्' म्हटले, तेव्हा सारे मैदान एका आवाजात उठले. तेवढे एक आम्हांस पाठ होते, आणि आम्हीही ते म्हटले. कोणाला त्यात प्रेक्षकांची खुशामत दिसेल. दिसो. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांची हरकत असतानाही पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ते गीत पूर्ण गाइले होते, त्याची आम्हांस तेथे आठवण झाली आणि कंठ दाटला, एवढे खरे.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. नात शेजारी झोपली होती, आणि आमच्या डोळ्यांसमोर आपल्या मंडळाच्या गेल्या कित्येक वर्षांच्या कोजागिऱ्या येत होत्या. पाच वर्षांची असल्यापासून ही मुलगी त्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसत आली आहे. नाट्यपदे तिने ऐकली, आणि त्यांतील शब्द तिला कळले नाहीत. टाळी कोठे द्यावी हे कळले नाही, म्हणून एकदा तिने चुकीच्या जागी दिली, आणि आम्ही तिच्याकडे डोळे वटारले. दहा वर्षे ती आमच्या मैफलीत उपऱ्यासारखी बसली. तिच्या कानाशी वाकून कोणी दोन वाक्ये सांगितली का? आम्ही सांगितली नाहीत. तिने आमच्यासाठी एका संध्याकाळी जे केले ते आम्ही तिच्यासाठी दहा वर्षांत केले नाही. उलट, मुलांना गोडी नाही, पिढी बिघडली, असे ठराव मात्र आम्ही दरवर्षी केले.

ऐकणारा अनोळखी असला की चुका होणारच, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. तेथे पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्ला रखा वाद्ये जुळवीत असतानाच अमेरिकन श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सूर लावणे हेच वादन, असे त्या बिचाऱ्यांना वाटले. पंडितजींनी हसून, जुळवणी इतकी आवडली तर वाजविणे याहून आवडेल, अशा अर्थाचे काही म्हटले आणि वाजविण्यास आरंभ केला. त्यांनी कोणास हाकलून दिले नाही. आपण नेमके हाकलतो. फरक एवढाच, की आपण ते ठरावाच्या भाषेत करतो.

आता ठरावातील आरोपांकडे वळू.

पहिला आरोप परकेपणाचा. गिटार परकी, रॉक परका, तेव्हा मंडळाच्या व्यासपीठावर तो नको. आमच्या व्यासपीठावर जी पेटी अत्यंत आदराने मांडली जाते ती कोठली? हार्मोनियमचा जन्म फ्रान्समधला. १८४० नंतर ती तेथे नावारूपास आली, आणि १८७५ च्या सुमारास कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी तिला आपल्याकडील बैठकीस साजेसे हातभात्याचे रूप दिले. ती अभारतीय म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती. तीस वर्षे सरकारदरबारी परकी ठरलेली ही बाई आज आपल्या मंडळात सुवासिनीच्या मानाने बसते. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर जो ऑर्गन घुमत असे, तोही समुद्रापलीकडूनच आलेला. 'मानापमान'च्या चाली ज्यांनी १९११ साली बांधल्या ते गोविंदराव टेंबे या परक्या पेटीचेच जादूगार होते. फार काय, नाट्यगृहात आपले आजोबा ज्या शब्दाने रात्र रात्र जागवीत असत, तो 'वन्स मोअर' हा शब्द कोणत्या भाषेतला? तुकोबांच्या गाथेत तो आम्हांस आढळलेला नाही.

रॉक संगीत आपल्यापासून किती दूरचे, हेही एकदा तपासून पाहू. 'क्वीन' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे खरे नाव फारुख बलसारा. हे आडनाव बलसाडचे, म्हणजे आपल्या वलसाडचे. त्याच्या वडिलांचे घराणे तेथलेच. सुरतेहून मुंबईस जाताना ज्या स्टेशनावर गाडी थांबली की आपण चहा घेतो, ते हे वलसाड. फारुखचा जन्म १९४६ चा, झांजीबारचा. पण त्याचे शालेय शिक्षण झाले पाचगणीस, सातारा जिल्ह्यात, आणि आयुष्यातला पहिला वाद्यवृंद त्याने उभा केला तोही पाचगणीच्या शाळेत. दक्षिण गुजरातचे आडनाव आणि सह्याद्रीवरची शाळा घेऊन निघालेला मुलगा ज्या संगीताचा राजा झाला, ते संगीत सुरतेच्या मराठी माणसाला परके, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरा आरोप गोंगाटाचा. हा आरोप आम्ही हसण्यावारी नेणार नाही, कारण तो आमच्या कानांनी अनुभवलेला आहे. मोठा आवाज कानांस अपाय करतो, आणि एकदा गेलेले ऐकू येणे परत मिळत नाही. त्या मुलाच्या खिशात बोळे होते, आमच्या खिशात नव्हते. याचा अर्थ, या धोक्याची जाणीव त्याला आमच्याहून अधिक होती. परंतु आवाजाचा हिशेब मांडावयाचा तर सगळाच मांडावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. सण-उत्सवांसाठी वर्षाकाठी पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यास आहे. नवरात्रात आणि विसर्जनाच्या दिवशी आपल्या शहरात या आकड्यांचे काय होते, हे सुरतकरांना सांगावयास नको. त्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांविरुद्ध आपल्या मंडळाने आजवर एकही ठराव केलेला नाही. तीन मुलींच्या एका गिटारीविरुद्ध मात्र तो एकमुखाने झाला. तेव्हा प्रश्न डेसिबलचा नव्हता, हे उघड आहे.

गोंगाटाबद्दल आपण सुरतकर मराठ्यांनी फार सोवळे राहू नये, याला ऐतिहासिक कारणही आहे. २७ डिसेंबर १९०७ रोजी तापीकाठच्या मांडवात काँग्रेसचे अधिवेशन उधळले, लोकमान्य व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे राहिले, आणि गर्दीतून आलेला एक दख्खनी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून सर फिरोजशहा मेहतांपर्यंत पोहोचला. खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या. त्या गोंगाटाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. कोणता गोंगाट इतिहास आणि कोणता अनाचार, हे तो कोण करतो यावर ठरू लागले, की तर्क संपतो.

तिसरा आरोप पैशाचा, आणि येथे आम्ही प्रतिपक्षाच्या बाजूस आहोत. नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटे अडीच हजारांपासून पस्तीस हजार रुपयांपर्यंत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री सुरू होताच ती संपली आणि काळ्या बाजारात लाखांच्या भाषेत बोलली जाऊ लागली. मुंबई पोलिसांना त्यात चौकशी करावी लागली. ज्या गाण्यात सर्वांनी एक व्हावे असे सांगितले जाते, त्याच्या दारात असा बाजार भरावा, ही गोष्ट आम्हांस खटकली. नातीलाही खटकली, आणि तिने ती आमच्याहून परखड शब्दांत बोलून दाखविली. अहमदाबादचा तो कार्यक्रम त्याच वेळी घरोघरी मोबाइलवर व दूरदर्शन संचावर फुकट किंवा जुजबी वर्गणीत दिसत होता. मग एवढा खर्च करून जावे कशाला, असेही आम्हांस विचारण्यात आले. याचे उत्तर ज्यांचे वाडवडील जुलै १९२१ मध्ये मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' पाहावयास गेले त्यांनी द्यावे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहणार, टिळक स्वराज्य फंडाला पैसा जाणार, म्हणून लोकांनी चढ्या दराची तिकिटे काढली आणि त्या रात्रीची गोष्ट नातवंडांना सांगितली. पैसा तेव्हा देशकार्यास गेला व आता व्यापाऱ्यास जातो, हा भेद मोठा आहे व आम्ही तो मान्य करतो. परंतु आपण तेथे होतो, असे म्हणता यावे ही ओढ तीच आहे.

शिवाय तिकीट हीच जर संगीताची अप्रतिष्ठा असेल, तर पलुस्करांचे काय करावे? मिरज सोडून निघालेल्या या गायकाने सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गाणे केले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे. राजवाड्यात आणि हवेलीत अडकलेले गाणे त्यांनी त्या तिकिटाच्या जोरावर सामान्य माणसापुढे आणले. गाण्याचा सन्मान तिकिटाने जात नाही. गाणे सर्वांसाठी आहे की मोजक्यांसाठी, यावर तो अवलंबून असतो.

आणि येथेच आम्ही आमच्या मूळ मुद्द्यावर येतो. आमचे गाणे कोणासाठी आहे?

आपण जुनी कुटुंबे. कोणाचे पणजोबा गायकवाडीत नवसारी प्रांतात कारकून होते, कोणाचे बी. बी. सी. आय. रेल्वेत, कोणाचे सरकारी शाळेत. आपले मराठी सुरतेच्या पाण्याने बदलले आहे. आपण भाजीला शाक म्हणतो, न्याहारीस लोचो खातो, आणि रागावलो की गुजरातीत रागावतो. यात काही वावगे नाही. परंतु सुरतेतील मराठी म्हणजे आपण, हा जो आपला समज आहे तो केव्हाच खोटा ठरला आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी माणसे आपल्या कित्येक पटींनी आहेत. त्यांच्या श्रमावर या शहराचे माग आणि छपाईचे कारखाने चालतात. त्यांची मुले लग्नात, गणपतीत, अहिराणी गाण्यांवर नाचतात. त्या गाण्यांना आपण काय म्हणतो? गोंगाट. तोच शब्द. इंग्रजी गाणे गोंगाट आणि अहिराणी गाणेही गोंगाट. पहिले परके म्हणून नको, आणि दुसरे तर आपल्याच भाषेच्या पोटातले, तेही नको. तेव्हा भाषेचे रक्षण, संस्कृतीचे रक्षण, ही सारी कारणे गळून पडतात व उरते ते एकच, की जे आपल्या बैठकीच्या खोलीत बसत आले नाहीत त्यांचे काहीही नको.

याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. आपल्या प्रत्येक महिला मेळाव्यात बहिणाबाई चौधरींच्या ओव्या म्हटल्या जातात, डोळे पाणावतात. बहिणाबाई जळगावच्या. शाळेत न गेलेल्या. त्यांनी जे रचले ते खानदेशच्या घरगुती बोलीत रचले. १९५१ साली त्या निवर्तल्या, आणि पुढल्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळे, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. त्याआधी त्यांना कवयित्री म्हणून कोण ओळखत होते? आज त्याच मुलखातून आलेली एखादी सून उधन्याच्या चाळीत काही रचीत असेल, तर ती आपल्या मंडळाची पायरी चढू शकेल का? तिला आपल्या कोजागिरीचे निमंत्रण गेले आहे का? पुस्तकात आल्यावर बोली आपल्याला गोड लागते, शेजारी बोलली गेली की ती खटकते.

ज्यांच्या परंपरेचे नाव ठरावात घेतले, त्या परंपरेचा आरंभही पाहावा. या शहरातील मराठी विद्वत्तेचा ज्येष्ठ पुरुष म्हणून ज्यांचे नाव घ्यावे, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचे व्याकरण १८३६ साली लिहून हे गृहस्थ सुरतेस शिक्षक म्हणून आले. त्यांनी येथे मराठ्यांची वेगळी पंगत मांडली नाही. दुर्गाराम मेहताजींसारख्या सुरती गुजराती मित्रांसह १८४४ साली त्यांनी मानवधर्म सभा काढली. सर्व माणसांची जात एक, हे त्या सभेचे तत्त्व होते आणि तिच्या बैठका सर्वांस खुल्या असत. जुन्या लोकांना तीही सभा धर्म बुडविणारी वाटली. मराठी भाषेला व्याकरणाची शिस्त लावणारा माणूस सुरतेत आल्यावर दार उघडतो, आणि त्याची परंपरा सांगणारे आपण ते लावून घेतो.

काही वाचक म्हणतील, म्हणजे व्यासपीठ मुलांच्या हाती देऊन आपण बाजूस व्हावे काय? तसे आमचे म्हणणे नाही. नाट्यसंगीत आम्हांस प्राणांहून प्रिय आहे आणि ते या मंडळात गाइले गेलेच पाहिजे. मुलांचे सगळेच चांगले, असेही आम्ही मानीत नाही. मोटेऱ्यास आम्ही जे ऐकले त्यातील बरेचसे आम्हांस सपाट वाटले, आणि तसे आम्ही नातीस सांगितलेही. तिने वाद घातला. तो वाद सुरतेच्या स्टेशनापासून घराच्या दारापर्यंत रिक्षात चालला, आणि तो मराठीत चालला. सूनबाईंनी नंतर लक्षात आणून दिले, की इतका वेळ ही मुलगी घरात मराठी बोलल्याचे त्यांना अलीकडे आठवत नाही. 'जेवायला ये', 'दार लाव' एवढ्यापुरते मराठी आमच्या घरात उरले होते. तिला आमच्याशी भांडावयाचे होते, आणि भांडावयास पुरेसे शब्द हवे होते, म्हणून त्या रात्री ते परत आले. भाषा टिकविण्यासाठी आपण निबंधस्पर्धा घेतो, बक्षिसे देतो. मुलांना आपल्याशी बोलावेसे वाटेल असा एखादा विषय मात्र त्यांच्याबरोबर वाटून घेत नाही.

म्हणून तीन सूचना करतो. पहिली, कोजागिरीच्या बैठकीत प्रत्येक पदापूर्वी दोन वाक्यांत, मुलांना कळेल अशा मराठीत, ते पद काय आहे व त्यात काय ऐकावे हे सांगितले जावे. गायकाचा यात अपमान नाही. दुसरी, त्याच कार्यक्रमात अर्धा तास तरुणांस द्यावा, त्यांनी काय गावे याची पूर्वपरीक्षा घेऊ नये, आणि त्या अर्ध्या तासात ज्येष्ठ सभासदांनी चहासाठी बाहेर न जाता खुर्चीवर बसून राहावे. गुडघे दुखले तरी चालेल, आमचेही दुखले. तिसरी, वर्षातील चार कार्यक्रमांपैकी एक तापीच्या या बाजूस न करता उधना-लिंबायत भागात करावा, तेथील माणसांना यजमान होऊ द्यावे, आणि आपण पाहुणे म्हणून जावे. आपल्याला तेथील गाण्यांची टाळी कोठे द्यावी हे कळणार नाही. कोणीतरी हसेल. बहुधा कोणीतरी शेजारी येऊन सांगेलही.

पूर्वीच्या ठरावाचा फेरविचार व्हावा, अशी लेखी विनंती आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे, आणि या वेळी आमचे मत तटस्थ असणार नाही. नातीस हे सांगितले तेव्हा ती फारशी आनंदली नाही. 'आजोबा, आता आम्हीच यायचं की नाही ते ठरवू,' असे ती म्हणाली. तिचे म्हणणे रास्त आहे. एकदा परत पाठविलेल्या पाहुण्याने दुसऱ्या निमंत्रणावर लगेच यावे, अशी अपेक्षा यजमानाने करू नये.

आमच्या विचारांत दोष असतील. ज्यांना ते दिसतात त्यांनी पुढील अंकात ते अवश्य दाखवून द्यावेत. फक्त एक अट घालतो. लिहिण्यापूर्वी आपल्या घरातील सर्वांत धाकट्या माणसाबरोबर बसून, ते जे ऐकते ते गाणे एकदा पुरते ऐकावे, आणि मग लिहावे.